चारुताताईंच्या सहा पुरचुंड्या

अमेरिकेतल्या श्रूजबरीत चारुताताई सबनीसांना ओळखत नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही, आणि त्यांची बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस तर मुळीच नाही. वुस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी एकतीस वर्षं जंतू वाढवले. कामच ते. पेशंटच्या घशातलं नाहीतर जखमेतलं काहीतरी बशीत घ्यायचं, बशी उबदार पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी हाताचं वळण गेलेलं नाही. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ असते. पॉटलकला कुणी नाव न लिहिलेला डबा आणला, तर मालकीण सापडेपर्यंत ताई कुणाला पानावर बसू देत नाहीत. लोक कुरकुरतात, मागून हसतात आणि पुढच्या वेळी डब्यावर नाव लिहून आणतात.

अशा बाईच्या परसात गांजाची झाडं आहेत ही बातमी जेव्हा मराठी मंडळात फुटली, तेव्हा काय गहजब झाला असेल याची कल्पना करा. दोन आठवडे फोन गरम होते. ताईंनी भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, की मॅसॅच्युसेट्समध्ये माणशी सहा झाडं कायद्याने चालतात, आम्ही माणसं दोन, आमच्याकडे झाडं पाच, कुंपण सहा फुटी, फाटकाला कुलूप. कुणाला शंका असेल त्याने येऊन मोजावीत. मोजायला कुणी गेलं नाही. मंडळाची सेक्रेटरी यामिनी, म्हणजे ताईंची पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिने तेवढं विचारलं की गांजाच का, गुलाब का नाही. ताई म्हणाल्या की गांजा हा शब्द माझ्या घरात चालणार नाही, ते नॉर्मनचं झाड आहे.

नॉर्मन हा त्यांचा शेजारी, तारेच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला एकटा म्हातारा. आणि त्याचं झाड सबनीसांच्या परसात आलं ते श्रीरामरावांच्या पायांमुळे. श्रीरामराव म्हणजे ताईंचे यजमान, पुलांचे इंजिनिअर. त्यांना आतड्याचा कॅन्सर झाला, केमो झाली, कॅन्सर गेला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण औषधाने तळपायांच्या नसा जाळल्या होत्या, त्या काही निवल्या नाहीत. पांघरुणाचा काठ पायाला लागला तरी माणूस कळवळायचा. झोप म्हणून नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या बदलून बघितल्या, मग रीतसर परवाना असलेल्या दुकानातल्या गोड वड्याही बघा म्हणाले. त्या वड्यांनी श्रीरामरावांना असं गरगरलं की ते तासभर फ्रिजशी पुलाच्या खांबांविषयी बोलत होते. मग एक दिवस नॉर्मनने कुंपणावरून टोस्टचा तुकडा दिला. त्याच्या लोण्यात त्याच्या झाडाचा अर्क होता, अगदी सौम्य. श्रीरामराव त्या दिवशी सात तास झोपले. ताईंनी वेळ लिहून ठेवली आहे.

पुढच्या वर्षी नॉर्मन वृद्धाश्रमात गेला. जाताना त्याने ताईंना कॅमेऱ्याच्या रोलची एक जुनी डबी दिली, तिच्यात चोवीस बिया होत्या. ही जात त्याने स्वतः तीस वर्षं जपलेली, दुकानात मिळणारी नव्हे. बी कसं धरायचं तेही त्याने दाखवलं. मादी झाडं बागेत, नर झाड लांब शेडच्या मागे. ऑगस्टमध्ये नराचा पराग रंगाच्या ब्रशने मादीच्या एखाद-दोन फांद्यांना लावायचा, म्हणजे तेवढ्याच फांद्यांत बी भरतं आणि बाकीचं झाड औषधाला राहतं. पराग लावल्यावर फांदीवर डबा न्यायची कागदी पिशवी चढवायची, दोन दिवसांनी काढून टाकायची. झालं. त्या हिवाळ्यात नॉर्मन वारला, आणि विचारायला कुणी उरलं नाही.

पहिल्या वर्षी ताईंनी आठ बिया लावल्या. झाडं माणसाच्या उंचीची झाली, तुपात अर्क उतरला, श्रीरामराव गरम दुधात पाव चमचा घेऊन झोपू लागले. सगळं छान. ऑक्टोबरात बीच्या फांद्या कापल्या, तेव्हा मात्र ताईंनी कपाळाला हात लावला. एकूण एक बी उकललेलं होतं. टरफलाची शिवण फुटून दोन शकलं झालेली, आणि आत सुकून तपकिरी झालेला कोंब. कुंडीत लावून बघितली तर कुजून गेली.

त्या वर्षी पाऊस फार झाला होता, तेव्हा दोष पावसावर गेला. दुसऱ्या वर्षी ताईंनी दहा बिया लावल्या आणि लॅबमधली वही उघडली. टोमॅटो कधी तडकतो? कोरड्या जमिनीत एकदम पाणी झालं की. म्हणून पाणी मापाने, थेंबथेंब. टरफल कच्चं राहत असेल म्हणून अंड्याच्या कवचांची पूड. इंटरनेटवरच्या एका गटात त्यांनी प्रश्न टाकला. तिथल्या चित्रविचित्र नावांच्या पोरांपैकी एकाने सांगितलं की कापणीला उशीर होतोय, दुसऱ्याने सांगितलं की तीस वर्षं घरातल्या घरात लग्नं लावल्यावर वंश खचणारच. ताईंनी आठवडाभर आधी कापणी केली. बिया उकललेल्याच. फांद्या छाटून तळघरात दिव्याखाली वाढवायचा प्रयोगही केला, त्याला ख्रिसमसपर्यंत कीड लागली. ओरेगनमध्ये राहणारी मुलगी अंतरा म्हणाली, "मॉम, जस्ट बाय इट. पीपल बाय इट." ताईंनी तिला फ्रिजची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली.

तिसऱ्या वर्षी डबीत सहा बिया उरल्या होत्या. रुजल्या तीन. त्यातल्या दोन माद्या आणि एक नर निघाला, हे नशीबच म्हणायचं. पण यंदा धड बी हाती आलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात लावायला काही नव्हतं. मग तुपाच्या बरण्या संपेपर्यंत श्रीरामरावांची झोप, आणि त्यानंतर पुन्हा तेच पाय आणि तीच रात्र. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. ताई सकाळी उठून आधी झाडांकडे जात आणि मग चहा टाकत.

ऑगस्टमध्ये त्यांनी सहा फांद्यांना पराग लावला, त्यातल्या तीन जरा उशिरा, पंधरा दिवसांनी. एका वेळी सगळं गमवायला नको, हा हिशेब. मग त्यांनी सहाही फांद्यांना आपल्या पद्धतीने पुरचुंड्या बांधल्या. आपल्या पद्धतीने म्हणजे मलमलच्या. नॉर्मनची कागदी पिशवी त्यांना पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. ती दवानेच लगदा होते, आणि दोन दिवसांनी काढली की पिवळ्या चिमण्या येऊन बी खातात, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी त्यात सुधारणा केली. श्रीरामरावांच्या मुंजीपासूनच्या सोवळ्याच्या धोतराचे तुकडे घरात होते, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. त्यांची दुहेरी घडी फांदीभोवती घेऊन घट्ट गाठ मारायची, ती कापणीलाच सोडायची. चिमण्यांची चोच आत जात नव्हती. या सुधारणेचा ताईंना अभिमान होता, वहीत तिच्याखाली दोन रेघा होत्या.

सप्टेंबरच्या मध्यावर, एका गुरुवारी, त्यांनी पहिली पुरचुंडी बघायला म्हणून सोडली. क्विन्सिगमंड तळ्यावरून येणारं धुकं त्या दिवसांत सकाळी नऊपर्यंत परसात रेंगाळायचं. गाठ सुटली आणि आत तेच. शिवण फुटलेली, आणि यंदा कोंबही ताजे, पांढरे, नखाएवढे. ताई पालथ्या बादलीवर बसल्या आणि रडल्या. एकतीस वर्षांत लॅबमध्ये न रडलेली बाई, पण हे लपवण्यात अर्थ नाही. श्रीरामराव काठी टेकत, जाड बुटांतून पाय जपत बाहेर आले. त्यांनी फांदीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"जाऊ दे, चारू," ते म्हणाले. "झाली तेवढी झोप पुष्कळ झाली."

 उरलेल्या पाच पुरचुंड्या सोडण्याचा ताईंना धीर झाला नाही. त्या तशाच राहिल्या.

त्यात दुपारी यामिनीचा फोन. रविवारी मंडळाचा गणपती, मिसळ साठ माणसांची, मटकीला मोड आणायचं काम ठरल्याप्रमाणे ताईंकडे. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ताईंना हाताला काम हवंच होतं. शुक्रवारी पहाटे त्यांनी मटकी भिजत घातली. संध्याकाळी उपसून बांधायला घेतली तर ड्रॉवरमध्ये मलमलचे दोनच तुकडे. एरवी आठ असतात. सहा झाडावर गेलेले, त्यातला एक कालच सोडलेला. तो त्यांनी स्वच्छ धुतला, पिळला, त्यात मटकी घातली, घट्ट गाठ मारली आणि तिन्ही पुरचुंड्या ओव्हनमध्ये ठेवून नुसता दिवा लावला. या देशात आल्यापासून त्या दही लावतात आणि मोड आणतात ते ओव्हनच्या दिव्यावरच. तेवढी ऊब पुरते.

शनिवारी सकाळी त्यांनी ओव्हन उघडला. शेवटची पुरचुंडी तीच, झाडावरून उतरवलेली. त्यांनी गाठ सोडली. ओलसर उबदार वास आला. मटकीची टरफलं शिवणीवर फुटली होती आणि प्रत्येकीतून पांढरा मोड बाहेर आला होता, नखाएवढा.

ताई तिथेच थांबल्या. हाच तुकडा. हीच गाठ, त्यांच्याच बोटांची. परवा ती सोडली तेव्हा आत हेच दिसलं होतं, आणि त्या रडल्या होत्या. आज तेच बघून त्या समाधानाने मान हलवणार होत्या.

बी बिघडलेलं नव्हतंच. वंशही खचला नव्हता, कवचात चुना कमी नव्हता. बी पिकलं होतं, आणि ताईंनी त्याच्याभोवती दुहेरी मलमल गुंडाळून ठेवली होती, जी रोज धुकं पिऊन ओली होत होती आणि दुपारच्या उन्हात आतल्या आत कोमट होत होती. ओल, ऊब आणि अंधार. बीला वाटलं रुजायची वेळ झाली, आणि ते झाडावरच रुजलं. एकतीस वर्षं उबदार पेटीत ओल्या बशा ठेवून जे उगवेल ते बघणाऱ्या बाईने परसात सहा उबदार पेट्या टांगल्या होत्या, आणि ती आत काही उगवतं कसं याचं कारण अंड्याच्या कवचात शोधत होती. ताईंना आधी लाज वाटली. मग त्या एकट्याच हसायला लागल्या, इतक्या की श्रीरामराव काय झालं म्हणून विचारायला आले.

उत्तर द्यायला त्या थांबल्या नाहीत. गाऊनवर स्वेटर चढवून, कात्री घेऊन, त्या अनवाणीच परसात गेल्या. पाची पुरचुंड्या फुगून दवाने जड झाल्या होत्या. पहिली सोडली, बिया फुटायला लागलेल्या. दुसरीही तशीच. तिसरी उशिरा पराग लावलेल्या फांदीची. आत बिया हिरवट, अजून कच्च्या, आणि प्रत्येकीची शिवण घट्ट मिटलेली. चौथी तशीच. पाचवी तशीच. तीन फांद्या हाताशी होत्या.

आता चिमण्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. कापड नको, हवा हवी. ताईंना त्याचं उत्तर जिना चढताचढताच मिळालं. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात एक ड्रॉवर असतो, त्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेल्या जाळीच्या चकचकीत पिशव्या असतात. वाण संपून जातं आणि पिशवी फेकवत नाही. ताईंकडे त्या चाळीसेक होत्या. त्यांनी एक जांभळी आणि एक गुलाबी उचलली, पाणी ओतून बघितलं, आरपार गेलं. फुंकर मारली, तीही गेली.

दोनच का, असं श्रीरामरावांनी विचारलं, फांद्या तर तीन आहेत. ताई म्हणाल्या की तिसरीला पुन्हा मलमलच बांधणार.

"तीन उरल्यात, चारू. त्यातली एक मुद्दाम घालवायची?"

"अहो, मागची दोन वर्षं मला वाटतच होतं की कळलंय," ताई म्हणाल्या. "या वेळी मला वाटायला नको, माहीत व्हायला हवं. तुलनेला एक ठेवल्याशिवाय मी कसलाही रिपोर्ट आयुष्यात दिलेला नाही."

श्रीरामरावांनीही आयुष्यभर पूल उभे केले होते, भार घालून बघितल्याशिवाय एकावरूनही गाडी जाऊ दिली नव्हती. त्यांनी स्वतः गाठीला हातभार लावला. मिसळ रविवारी फर्मास झाली. यामिनीने साठ माणसांसमोर विचारलं की ताई, हिच्यात काही घातलं नाहीस ना, आणि ताईंनी सांगितलं की तुझ्या वाटीत घातलंय. यामिनीने दोनदा वाढून घेऊन खाल्ली.

पुढचे सतरा दिवस धुकं होतं, दोनदा रिमझिम झाली, चिमण्या जांभळ्या पिशवीवर बसून झोके घेत होत्या. ताई रोज बाहेर जाऊन बघत होत्या, हात लावत नव्हत्या. अठराव्या दिवशी त्यांनी तिन्ही फांद्या कापून स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि श्रीरामरावांना समोर बसवलं.

मलमल आधी सोडली. आतल्या झाडून सगळ्या बिया फुटलेल्या, मोड आलेले. आपल्या हाताने घालवलेलं बी बघून इतकं आनंदलेलं माणूस श्रूजबरीने पाहिलं नसेल. ताईंनी टेबलावर थाप मारली. मग जांभळी पिशवी उलटी केली. बिया कागदावर टपटप पडल्या, करड्या, तपकिरी, अंगावर वाघाचे पट्टे, टणक. श्रीरामरावांनी चष्मा लावून एकेक बोटात फिरवून बघितली. गुलाबी पिशवीतल्याही तशाच. दोन्ही मिळून एकशे अडतीस. उकललेलं एकही नाही. ताई उठून उभ्या राहिल्या, स्वयंपाकघरात एक फेरी मारून आल्या आणि पुन्हा मोजल्या. एकशे अडतीसच.

पण ताई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. बिया महिनाभर सुकवल्या, आणि नोव्हेंबरात त्यातल्या दहा घेऊन ओल्या पेपर टॉवेलमध्ये ठेवल्या, ओव्हनच्या दिव्याखाली. आता रुजायला त्यांची परवानगी होती. तिसऱ्या दिवशी टॉवेल उघडला तर दहाच्या दहा रुजलेल्या. उरलेल्या एकशे अठ्ठावीस त्यांनी काचेच्या बाटलीत भरल्या, तारीख घातली, वेळ घातली आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. वर्षाला आठ लावल्या तरी सोळा उन्हाळे. श्रीरामराव बाहत्तर वर्षांचे आहेत. ताईंनी हा भागाकार मनातल्या मनात केला आणि त्यांना फार बरं वाटलं.

बाटली आत ठेवताना त्यांचं लक्ष तुपाच्या बरण्यांकडे गेलं. मागच्या वर्षीच्या दोन बरण्या अजून तशाच होत्या. रोज पाव चमचा धरला तर त्या उन्हाळ्यातच संपायला हव्या होत्या. ताईंनी बरणी हातात घेतली, झाकणावरची तारीख वाचली आणि नवऱ्याकडे बघितलं. श्रीरामराव खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी कबूल केलं. पहिल्या वर्षी बिया फुटल्या तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की हे कधीतरी संपणार. तेव्हापासून ते निम्मंच घेत होते. दोन वर्षं. निम्म्यात दोन-तीन तास डोळा लागतो, म्हणाले, मग पडून राहायचं. तुला उगीच कशाला सांगायचं.

ताईंनी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती बरणी ओट्यावर ठेवली. शनिवार होता. जेवणं झाल्यावर त्यांनी दूध गरम केलं, तूप मोजून पाव चमचा घातलं, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

दर रविवारी सकाळी नऊला अंतराचा फोन येतो. ओरेगनमध्ये तेव्हा सहा वाजलेले असतात, ती पोहायला जाताना गाडीतून करते. फोन नेहमी श्रीरामरावच उचलतात, पहिल्या रिंगला, कारण ते पहाटेपासून जागेच असतात. त्या रविवारी चार रिंगा वाजल्या आणि ताईंनी धावत येऊन उचलला. अंतराने घाबरून विचारलं की बाबा कुठे आहेत, इज ही ओके.

"झोपलेत," ताई म्हणाल्या.

पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग तिने हळूच विचारलं, "स्टिल?"

"अजून," ताई म्हणाल्या. "बारा वाजता कर. नाहीतर राहू दे, उठले की तेच करतील."